न लिहिलेलं साम्य

नातं किती लांबचं, हे आपल्या घरांत बायकांनाच ठाऊक असतं. कुणाचं सूतक धरायचं, किती दिवस धरायचं, कुणाच्या घरची मुलगी आपल्या मुलाला चालते आणि कुणाची चालत नाही, हे पुरुषमंडळी शेवटी आजीला किंवा थोरल्या अक्कालाच विचारतात. तिच्या डोक्यात सगळी वंशावळ असते. "तुझे पणजोबा आणि त्यांचे आजोबा सख्खे भाऊ," एवढं तिने सांगितलं की हिशेब संपला. पिढी लांबत गेली की सूतकाचे दिवस कमी होत जातात, आणि एका टप्प्यानंतर काहीच उरत नाही. म्हणजे नात्याला अंतर असतं, ते पिढ्यांत मोजता येतं, आणि त्या अंतरावरून आपलं कर्तव्य ठरतं, असं आपण धरून चाललेलो असतो.

कर्तव्य असं अंतरावरून ठरवावं का, हा माझा प्रश्न आहे. तो माणसांपुरता ठेवला तर भाऊबंदकीचा होतो. पण जीवदयेचं व्रत घेतलेल्या माणसाला तो सगळ्या जीवांबद्दल पडायला पाहिजे. माझ्या दारातली गाय मला जवळची, झुरळ लांबचं, आणि कोबीतली अळी त्याहून लांबची, असं मन म्हणतं. हे अंतर खरंच असतं का? असलं तर कोण मोजतं, कसं मोजतं, आणि मोजून झाल्यावर त्याचं काय करायचं?

मोजणारे लोक आहेत. दोन जातींचे प्राणी एकाच पूर्वजाच्या घरातून कधी वेगळे झाले, हे काढणं जीवशास्त्रातलं एक मोठं काम आहे. देवमासा आणि पाणघोडा कधी वेगळे झाले? मधमाशी आणि मुंगी कधी? तिथं सांगायला आजी नाही आणि जन्ममृत्यूची नोंदवहीही नाही. आहेत ती हाडं, दात, दगडात उमटलेले ठसे, आणि आज जिवंत असलेल्यांची शरीरं. त्यांवरून काळाचा अंदाज बांधायचा. ही रीत समजून घेताना मला तिच्यात एक बारीकशी गोष्ट सापडली, ती आपल्या धर्मविचाराच्या फार जवळची वाटली. तिच्यासाठीच हा लेख आहे. पण तिथं पोचायला आधी देवमाशाची गोष्ट सांगायला हवी.

देवमाशाच्या नावातच मासा आहे. पाण्यात राहतो, पर आहेत, शेपूट आहे. बघणाऱ्याने मासा म्हटलं तर त्याचं काय चुकलं? पण तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो, आणि त्याची शेपूट माशासारखी डावी-उजवीकडे न हलता वर-खाली हलते. पळणाऱ्या चार पायांच्या जनावराचा कणा जसा वर-खाली वाकतो तशीच. माशाशी असलेलं त्याचं साम्य हे एकाच पाण्यात एकच काम केल्याचं साम्य आहे. तीस वर्षं एका घरात नांदलेल्या सासू-सुनेचं बोलणं सारखं होतं, म्हणून काही त्या मायलेकी ठरत नाहीत.

मग देवमाशाचे खरे भाऊबंद कोण? उत्तराचे बरेचसे दुवे आपल्याच उपखंडात सापडले. कच्छमध्ये आज रण आहे, भद्रेश्वरचं जैन तीर्थ आहे. पण चार कोटींहून जास्त वर्षांपूर्वी तिथं उथळ समुद्र होता. १९७०च्या दशकात अशोक साहनी आणि विजय प्रकाश मिश्रा यांनी तिथल्या दगडांतून आदिम देवमाशांचे अवशेष जगापुढे आणले. पुढे २००१ साली पाकिस्तानात सापडलेल्या प्राचीन देवमाशांच्या पायाच्या घोट्याचं हाड अभ्यासकांना मिळालं. त्या काळी देवमाशाला पाय होते. गाय, हरीण, डुक्कर, उंट, पाणघोडा या समखुरी प्राण्यांच्या घोट्यात एक विशिष्ट हाड असतं, दोन्ही टोकांना कप्पीसारखा आकार असलेलं. तेच हाड देवमाशाच्या घोट्यातही निघालं.

तिसरा दुवा मला सगळ्यात आवडतो. ए. रंगा राव नावाच्या भारतीय भूशास्त्रज्ञाने जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातून जीवाश्म असलेले दगड गोळा करून ठेवले होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने ते दगड तसेच जपले आणि पुढे हान्स थेविसन या अभ्यासकाच्या हाती दिले. साफ करताना त्यातली एक कवटी चुकून फुटली आणि कानाचं हाड उघडं पडलं. त्या हाडाची एक बाजू जाड होती, आणि ती जाडी ही देवमाशांच्या घराण्याची खूण. प्राणी मात्र मांजराएवढा, खुरांचा, चार पायांवर चालणारा. २००७ साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली. प्राण्याचं नाव इंडोह्यूस. एका बाईने नवऱ्याच्या मागे राहिलेले दगड भंगारात काढले नाहीत, म्हणून देवमाशाचा एक आतेभाऊ जगाला कळला.

आज जिवंत असलेल्यांपैकी देवमाशाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा. दोघांची घराणी साधारण साडेपाच कोटी वर्षांच्या आसपास वेगळी झाली असावीत असं मानतात. 'असावीत' हा शब्द इथं मुद्दाम वापरला आहे, कारण तो आकडा दगडावर कोरलेला मिळत नाही. तो काढावा लागतो.

काढायची एक रीत रेणूंची. १९६२ साली एमिल झुकरकँडल आणि लायनस पॉलिंग यांनी वेगवेगळ्या प्राण्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ताडून पाहिलं आणि सुचवलं की त्यातले फरक काळाच्या ओघात साधारण ठरावीक गतीने साठत जातात. म्हणून फरक मोजले की काळ कळेल. पण कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्याच्या दगड झालेल्या हाडात हे रेणू कुठून मिळणार? तिथं शरीराची लक्षणंच वाचावी लागतात.

त्यासाठी अभ्यासक एक तक्ता करतात. आडव्या ओळीत प्राणी, उभ्या रकान्यांत लक्षणं. खूर आहे का? दाताला किती उंचवटे? कानाचं हाड जाड की पातळ? असेल तर १, नसेल तर ०. काही तक्त्यांत असे हजारो रकाने असतात. मग गणिताचा एक नमुना घ्यायचा, जो सांगतो की एवढ्या काळात शून्याचं एक किंवा एकाचं शून्य होण्याची शक्यता इतकी. जीवाश्म ज्या थरात सापडला त्याचं वय माहीत असतं. ते घड्याळाला लावायचं. संगणक लाखो वंशवृक्ष मांडून बघतो, कोणता वृक्ष आणि कोणता काळ या तक्त्याशी जास्त जुळतो ते ताडतो. २०१२ साली फ्रेड्रिक रॉनक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी मधमाश्या, गांधीलमाश्या, मुंग्या यांच्या घराण्यावर हे काम केलं: जिवंत आणि जीवाश्म झालेले असे दोन्ही एकाच तक्त्यात, रेणू आणि लक्षणं दोन्ही धरून. मेलेल्यांनाही वंशावळीत त्यांची खरी जागा देण्याची ही रीत मला न्यायाची वाटते.

आता ती बारीकशी गोष्ट.

लक्षणांवर चालणारा हा गणिती नमुना २००१ साली पॉल लुईस यांनी मांडला. त्यात त्यांनी तक्त्याच्या एका मूळ दोषाकडे बोट दाखवलं. तक्ता करणारा माणूस कोणती लक्षणं टिपतो? ज्यांत फरक आहे ती. सस्तन प्राण्यांचा तक्ता करताना 'पाठीला कणा आहे' असा रकाना कुणी काढत नाही. सगळ्यांनाच कणा आहे, मग लिहून उपयोग काय? त्यामुळे तक्त्यात येतं ते सगळं बदललेलं. न बदललेलं तक्त्याबाहेर राहतं. असा तक्ता गणिताच्या हाती दिला तर गणित म्हणतं, बाप रे, या घराण्यात एकही गोष्ट जागेवर राहिलेली नाही! मग ते बदल प्रत्यक्षापेक्षा जास्त धरतं आणि फांद्या लांब काढतं. जवळचे लांबचे होतात.

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. दोन जावा वीस वर्षं एका घरात राहिल्या. भांडण झालं त्या दिवशीच कुणीतरी वहीत लिहून ठेवलं. ज्या दिवशी दोघींनी मिळून पापड लाटले, एकीच्या तापात दुसरीने तिच्या पोराला भरवलं, किंवा काहीच न घडता दिवस गेला, ते दिवस लिहिलेच नाहीत. पुढे ती वही परक्याच्या हातात पडली तर तो म्हणेल, या दोघी कधी एका चुलीवर जेवल्याच नसतील. त्या वहीत खोटं एक अक्षर नाही, तरी निष्कर्ष खोटा.

लुईस यांनी तक्ता फेकून दिला नाही, आणि न बदललेली सगळी लक्षणं गोळा करत बसा असंही म्हटलं नाही. ती तर मोजता येणार नाहीत इतकी. त्यांनी हिशेबातच दुरुस्ती घातली. हा तक्ता फक्त फरकांचा आहे, हे आधीच मान्य करायचं. जी लक्षणं सगळ्यांत सारखी राहिल्यामुळे इथं आलीच नाहीत, त्यांचीही शक्यता धरायची आणि मग अंतर काढायचं. न लिहिलेल्या साम्याला हिशेबात जागा द्यायची.

एवढ्याने सगळे प्रश्न सुटले असं नाही. बदलाची गती नेहमी सारखी नसते. २०१४ साली रॉबिन बेक आणि मायकेल ली यांनी वार असलेल्या सस्तन प्राण्यांचा काळ लक्षणांच्या घड्याळाने काढून पाहिला, तर तो ज्युरासिकच्या अखेरीपर्यंत, क्रेटेशियसच्या सुरुवातीपर्यंत मागे जायला लागला. इतका मागे, की जीवाश्मांशी त्याचा मेळ बसेना. डायनासोर गेल्यावर मोकळ्या झालेल्या पृथ्वीवर थोड्या काळात भराभर बदल झाले असतील, तर घड्याळ त्या घाईला दीर्घ काळ समजतं. रेशमाच्या किड्याचंच बघा. चीनमध्ये माणसाने त्याला पाळायला घेऊन सुमारे पाच हजार वर्षं झाली. उत्क्रांतीच्या हिशेबात हा क्षणही नाही. पण पाळीव पतंगाला आता उडता येत नाही, रंग पांढुरका झाला, अळीला पाल्यासाठी माणसाच्या हाताकडे बघावं लागतं. रानातल्या भावाशेजारी ठेवला तर परका दिसेल. देखण्यातला फरक मोठा, काळ थोडा.

इथून मी आपल्याकडे वळते. स्वाध्यायाला बसणाऱ्या बायकांना जीवांची विभागणी तोंडपाठ असते. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात ती आहे. माती, पाणी, अग्नी, वारा, वनस्पती यांना एक इंद्रिय, स्पर्श. कृमीला दोन, मुंगीला तीन, भुंग्याला चार, आणि माणसाला पाच. ही विभागणीसुद्धा शरीराच्या लक्षणांवरूनच केलेली आहे, आणि तीही एक तक्ताच आहे. मुंगीला डोळा नाही असं शास्त्रात मानलं आणि विज्ञान आज मुंगीचे डोळे दाखवतं, असला वाद घालणारे भेटतात. मला त्या वादात रस नाही. मला दिसतं ते असं, की या तक्त्यात फरक करणारे रकाने चारच आहेत: चव, वास, दृष्टी, श्रवण. पाचवा म्हणजे स्पर्श, तो तर सगळ्यांनाच आहे. पिंपळापासून माणसापर्यंत एकही जीव त्यातून सुटत नाही. फरकांचा तक्ता करणाऱ्याने तो रकाना 'उपयोग नाही' म्हणून काढून टाकला असता. आपल्या आचार्यांनी तो पहिला ठेवला.

का ठेवला असेल? कारण लागतं, दुखतं, ते त्या रकान्यात. अहिंसा दृष्टी किंवा श्रवणावर उभी नाही. जीव पाहतो की नाही, ऐकतो की नाही, हे नंतरचं. त्याला स्पर्श आहे, म्हणजे त्याला पीडा होऊ शकते, एवढं आधी. जे सगळ्यांत सारखं असल्यामुळे वर्गीकरणाच्या कामाचं नाही, तेच आचरणाच्या सगळ्यात जास्त कामाचं ठरतं.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो खरा आहे. "सगळे सारखे म्हणता, तर भाजी का चिरता? श्रावकाला एकेंद्रियाची हिंसा टाळता येत नाही म्हणून सवलत आहे, त्रस जीवांच्या बाबतीत नाही. म्हणजे शास्त्राने अंतर मानलंच ना?" मानलं आहे. फरक खोटा आहे असं मी म्हणत नाही. तक्त्यातले रकाने खरेच असतात. पण शास्त्राने ही पायरी कुणाच्या सोयीसाठी घातली ते पाहायला हवं. चूल पेटवणारी, दळणारी, शेत कसणारी माणसं गृहस्थ आहेत, त्यांना जगायचं आहे. म्हणून त्यांच्या शक्तीप्रमाणे मर्यादा आखली. ती आपल्या दुबळेपणाचं माप आहे. जीवाची किंमत तिच्यावरून काढता येत नाही. मुनींना तीच सवलत नाही, यावरूनच ते कळतं.

आणि हिंसेचे जे चार प्रकार आपण शिकतो, त्यांतही नात्याचं अंतर कुठं आलेलं नाही. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. प्रश्न एवढाच विचारलेला आहे, की तू हे कशासाठी केलंस? ठरवून, घरकामात, पोटापाण्याच्या व्यवसायात, की बचाव करताना? आपल्या भागात कित्येक जैन कुटुंबं शेतकरी आहेत. उसावर, तंबाखूवर, भाजीवर फवारणी करताना त्यांच्या मनाला लागतं, आणि लागावं. पण त्यांचा तिढा आणि माझ्या कपाटातल्या रेशमी साडीचा तिढा एक नाही. अळी दोन्हीकडे आहे. तिची माझी घराणी पन्नास कोटी वर्षांहूनही आधी वेगळी झाली, हेही दोन्हीकडे तेवढंच खरं. फरक आहे तो गरजेत. शेतकऱ्याचं पोट पिकावर आहे. माझं अंग मात्र सुती साडीनेही झाकतं.

रेशमाचा विषय निघाला की आपल्या बायकांत जरा शांतता पसरते. सोवळ्याला रेशीम, लग्नाला रेशीम, पूजेला पाटावर बसायचं तर रेशीम. कोश उकळत्या पाण्यात टाकतात तेव्हा आत जिवंत जीव असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पुष्कळ जणींनी ते सोडलंही आहे. ज्यांनी नाही सोडलं त्या म्हणतात, "अहो, तो किडाच ना!" या 'च'मध्ये सगळं अंतर भरलेलं असतं. त्या 'च'शी मी भांडते ते अळी माझी लांबची बहीण आहे असं सिद्ध करून नाही. ते सिद्ध होईलही. सगळ्या जीवांचं मूळ एक, असंच हे शास्त्र सांगतं. पण दया जर नात्याच्या दाखल्यावर मिळायची असेल, तर दाखला न मिळालेल्याचं काय करायचं?

देवमाशाचंच झालं ते बघा. शतकानुशतकं त्याला तेलासाठी मारलं. १९७०मध्ये रॉजर पेन यांनी देवमाशांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका काढली, लोकांनी ती घरात बसून ऐकली. हा गातो, दूध पाजतो, पिलाला जपतो, म्हणजे हा तर आपल्यातलाच, असं जगाला वाटू लागलं. १९८२ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकार थांबवायचं ठरवलं आणि १९८६पासून ती बंदी लागू झाली. फार चांगलं झालं. जवळिकीच्या ज्ञानाने दया जागी होते, हे मी नाकारत नाही. पण त्याच समुद्रातल्या, न गाणाऱ्या माशांच्या वाट्याला त्या दयेतलं किती आलं? साम्य दिसलं तिथवर ती गेली आणि थांबली. जे साम्य दिसत नाही, ऐकू येत नाही, ते वहीत लिहिलंच गेलं नाही.

माणसांच्या बाबतीत तर हे मोजणं फार धोक्याच्या वळणावर गेलं होतं. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे. माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू किती असमान असते आणि त्याचा वंशाशी काही संबंध आहे का, हा विषय त्यांना मिळाला. मार्गदर्शकाला कोणतं उत्तर हवं होतं ते उघड होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं, की असा संबंध दिसत नाही. पुढे महाराष्ट्रात येऊन त्यांनी लोकांची मापं घेतलीच, मोजणं सोडलं नाही. मोजण्यात पाप नाही. मापाच्या फरकावर मानाची उतरंड रचण्यात आहे.

आपण मात्र घराघरांत अशी उतरंड मापाशिवायच रचतो. चतुर्थ, पंचम, शेतवाळ, कासार, दिगंबर, श्वेतांबर, तेरापंथी, बीसपंथी, मराठी बोलणारे, कानडी बोलणारे. स्थळ बघताना हे रकाने भराभर भरले जातात. दोघांकडे णमोकार तोच, दोघांकडे सूर्यास्ताआधी जेवण, दोघांकडे पर्युषणात उपवास. पण हे लिहिणार कोण? सगळ्यांचंच सारखं, त्यात लिहायचं काय! मग एखादी पोरगी दुसऱ्या पोटजातीतला मुलगा पसंत करते, आणि घरातले म्हणतात, "ते लोक आपल्यापेक्षा फार वेगळे." त्या 'फार'चा हिशेब कुणी तपासून पाहिला आहे का? तो बहुतेक वेळा नुसत्या फरकांच्या वहीतून आलेला असतो.

आता एक शेवटचा मुद्दा, कारण त्याशिवाय हे अर्धंच राहील. प्राण्यांच्या अंतराचा जो आकडा शास्त्रज्ञ देतात, तो एकटा कधी देत नाहीत. सोबत एक पट्टा देतात: अमुक कोटी ते तमुक कोटी वर्षं, हा तक्ता आणि हा नमुना धरला तर खरा काळ या पट्ट्यात असण्याची शक्यता ९५ टक्के. नमुना बदलला तर पट्टा सरकेल. काहींना हे कच्चं वाटतं. "एक काय ते सांगा ना!" पण ज्याला स्याद्वाद माहीत आहे त्याने असं म्हणू नये. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे. 'या अपेक्षेने', 'या बाजूने पाहिलं तर'. कोणत्या अपेक्षेने बोलतो आहोत ते सांगून बोलणं हा सत्यव्रताचाच भाग आहे. हे साम्य मी ओढूनताणून आणलेलं नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाबद्दल लिहिताना स्याद्वादाचा विचार मांडला, आणि १९५७ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनीही त्यावर लेख लिहिला. आणखी एक योगायोग: दोन गटांमधलं अंतर अनेक लक्षणांवरून मोजण्याचं जे माप आज जगभर महालनोबिसांच्या नावाने वापरतात, ते त्यांना माणसांच्या शरीराच्या मापांवर काम करतानाच सुचलं. अंतर मोजणारा तोच माणूस, प्रत्येक विधानाला त्याची मर्यादा असते हे सांगणाराही तोच.

पण मर्यादा सांगून शास्त्रज्ञ हात जोडून बसत नाही. पट्ट्यासकट उत्तर देतोच. तसंच आपल्याला वागण्यात करावं लागतं. अळीला नेमकं काय जाणवतं, हे मला पूर्ण कळणार नाही. म्हणून ठरवायचं थांबवता येत नाही, कारण साडी घ्यायची की नाही हे आजच ठरवायचं असतं, आणि पोरीला होकार द्यायचा की नाही हेही. अशा वेळी फरकांची वही समोर येते, तीही खरीच असते. तिला नाकारू नये. फक्त उत्तर काढण्याआधी लुईस यांची दुरुस्ती घालावी: या वहीत न आलेलं काय काय आहे, ते एकदा मनाशी म्हणावं. भूक, झोप, भीती, पिलाची ओढ, आणि लागलं की दुखणं.

ही यादी कंटाळवाणी आहे, कारण ती सगळ्यांचीच आहे. सामायिकाला बसल्यावर सर्व जीवांची क्षमा मागतो, तेव्हा आपण हीच यादी म्हणत असतो. तिथं आपण कुणाला किती इंद्रियं आहेत आणि कोण किती कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला हे विचारत नाही. आसनावरून उठून स्वयंपाकघरात, दुकानात, लग्नाच्या बैठकीत गेल्यावरही ते न विचारणं जमेल का, एवढाच अभ्यास उरतो. माझा तो चालू आहे.